आवाज न करता बेस गिटार

माझं नाव मनोज शेजवळ. वय सत्तेचाळीस. राहायला नाशिकरोडला, जेलरोडवर, तिसऱ्या मजल्यावर. नोकरी पंप ऑपरेटरची. शहराला जे पाणी जातं त्यातलं थोडं माझ्या हातून चालू होणाऱ्या मोटारींमधून जातं, आणि जेव्हा जात नाही तेव्हा सगळे नातेवाईक मला फोन करतात. एवढ्यावर माझी ओळख संपायला हरकत नव्हती. पण मी बेस गिटारही वाजवतो, आणि हे लोकांना सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

बेस गिटारला चार तारा असतात. माझ्या साखरपुड्याला रोहिणीच्या मामांनी ती भिंतीला टेकवलेली पाहिली आणि उरलेल्या दोन तारा कधी बसवणार म्हणून विचारलं. आवाज तिचा फार खालचा. कार्यक्रमात समोर बसलेल्या माणसाला तो कानाने कमी आणि पोटात जास्त कळतो. वाजवणारा थांबला तर काहीतरी कमी झालं एवढं जाणवतं, काय ते सांगता येत नाही. तरुणपणी मी हेच वाद्य का निवडलं, याची मी आजवर बरीच खोल कारणं सांगितली आहेत. खरं कारण असं, की छायाताई दोंद्यांच्या भीमगीतांच्या पार्टीत कीबोर्डवाला होता, ढोलकीवाला होता, कोरसला माणसं होती, आणि रिकामी जागा तेवढी एकच होती.

त्या पार्टीत मी सहा वर्षं वाजवलं. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, साक्षी झाली आणि गिटार माळ्यावर गेली. माळ्यावर गेल्यापासून मात्र माझं वाजवणं वर्षागणिक सुधारत गेलं. म्हणजे सांगण्यात. पार्टीची लय माझ्या हातात असायची, हे वाक्य मी कामावर, लग्नाकार्यात आणि एकदा तर दाढी करून घेताना सलूनमध्येही म्हटलेलं आहे. ढोलकीला लहानूकाका होते, नावाजलेला माणूस. पण ते माझ्यावर चालायचे, असं मी सांगत असे. लहानूकाका रेल्वेतून रिटायर होऊन नांदगावला गेले होते. त्यामुळे खोडून काढायला जवळ कोणी नव्हतं.

मग जानेवारीत छायाताईंचा फोन आला. त्यांचा बेस वाजवणारा पुण्याला गेला होता, एप्रिलभर जयंतीचे कार्यक्रम लागलेले होते आणि ऐनवेळी नवा माणूस मिळत नव्हता. मी येईन का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घरी विचारून सांगतो. त्या बरं म्हणून फोन ठेवणार, तेवढ्यात मी येतो म्हणून टाकलं.

घरी विचारायला पाहिजे होतं. रोहिणी एका खाजगी हॉस्पिटलात नर्स आहे आणि त्या महिन्यांत तिची नाइट ड्यूटी होती. सकाळी नऊला घरी यायची, आंघोळ करून दोन घास खाऊन दहाला झोपायची, ती पाचला उठायची. मी पहिली पाळी करून साडेतीनला घरी. म्हणजे मला जो दीड तास मोकळा मिळायचा, तो तिच्या गाढ झोपेचा. ती ड्यूटीला गेल्यावर वाजवावं, तर खालच्या मजल्यावरचे निवृत्ती आप्पा साडेआठला आडवे होतात. आप्पा नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत. नावाला जागणारी माणसं थोडी, त्यातले ते एक.

तरी पहिल्या दिवशी मी धीर केला. गिटार खाली काढली, नव्या तारा चढवल्या, जुना अ‍ॅम्प पुसला. तो लहान फ्रिजएवढा आहे. आवाज अगदी बारीक ठेवला आणि एकच स्वर वाजवला, सगळ्यात खालचा. स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या वाट्या एकमेकींना लागून किणकिणल्या. शोकेसची काच थरथरली. मला फार बरं वाटलं. मी दुसरा स्वर वाजवायच्या आत बेडरूमचं दार उघडलं आणि रोहिणी बाहेर आली. तिने भिंतीवरचं बटण बंद केलं, परत दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "तिकडे रात्रभर मशीनचे आवाज ऐकते मी. इथे नको."

तिचं दार लागलं आणि बेल वाजली. आप्पा होते. म्हणाले, बोअरच्या मोटारीची बेअरिंग गेलेली दिसते, तुझंच काम आहे, जरा बघून ये. मी खाली गेलो. पंधरा मिनिटं मोटारीकडे पाहत उभा राहिलो. वर येऊन सांगितलं की झालं काम. आप्पांनी माझे आभार मानले, आणि मी ते घेतले.

तेव्हा ठरलं की हेडफोन लावून वाजवायचं. यात फार काही अवघड नसावं असं मला वाटलं. गिटारमधून वायर निघते, कानात हेडफोन असतो, मध्ये काहीतरी लागत असेल. ते काहीतरी काय, हे शोधण्यात माझे तीन आठवडे गेले. यातले पहिले दोन आठवडे मी गिटारला हात लावला नाही, पण मोबाईलवर जगभरच्या माणसांना हेडफोन लावून बेस वाजवताना पाहिलं. ते काय वाजवतात ते त्यांना ऐकू येत होतं, मला त्यांच्या माना हललेल्या दिसत होत्या. तरीही मी मत बनवत होतो. कामावर डबा खाताना सहकाऱ्यांना मी सांगू लागलो की कोणता हेडफोन बाहेर आवाज सोडतो आणि कोणता सोडत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. पाण्याच्या खात्यातली माणसं सोशिक असतात.

साक्षीने मागच्या वाढदिवसाला मला ब्लूटूथचा हेडफोन दिला होता. ती पुण्याला कॉलेजला असते. म्हटलं, वस्तू घरात असताना दुसरी कशाला. मोबाईलवर एक अ‍ॅप घेतलं, गिटारची वायर एका पिनेवरून दुसऱ्या पिनेत आणि तिच्यातून तिसऱ्या पिनेत घालून मोबाईलला जोडली आणि तार छेडली. काही झालं नाही. मी वायरीकडे पाहिलं आणि तेवढ्यात आवाज आला. परत छेडली, परत तसंच. मी इकडे तार छेडायचो आणि आवाज चहा घेऊन, पान खाऊन निवांत यायचा. मला वाटलं माझेच हात आणि कान वयाने वेगळे झालेत. दोन दिवस मी या काळजीत काढले. डोक्याच्या डॉक्टरला दाखवावं का, असं रोहिणीला विचारलंही. तिने मला बोट नाकाला लावायला सांगितलं, मग तिच्या बोटाला, परत नाकाला, आणि म्हणाली की माणूस ठीक आहे, वस्तू बदला.

मग मी ऑनलाइन एक डबी मागवली. काडेपेटीएवढी. ती थेट गिटारच्या भोकात खोचायची आणि तिच्यात हेडफोनची वायर घालायची. वस्तू इतकी सुबक की पहिले दोन तास मी ती फक्त खोचली आणि काढली. वाजवल्यावर कळलं की ती सहा तारांच्या गिटारसाठी केलेली आहे. माझा सगळ्यात खालचा स्वर, ज्याने वाट्या हलवल्या होत्या, तो तिच्यातून डबड्यात माशी अडकल्यासारखा येत होता. त्यात मी कानात घातले होते मोबाईलबरोबर आलेले इअरफोन. त्यांच्यात बेस असा नव्हताच. काहीतरी वाजतंय एवढी बातमी मात्र मिळायची.

शेवटी मी राकेशकडे गेलो. राकेशचं मेनरोडच्या बाजूला वाद्यांचं लहान दुकान आहे. ढोलक्या, हार्मोनियम, गिटारी, आणि दुरुस्ती. तो माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आहे आणि कमी बोलतो. मी त्याला तीन आठवड्यांत जमवलेलं सगळं ज्ञान सांगितलं. तो एका ढोलकीच्या दोऱ्या ओढत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "गिटार आणलीय का?"

गिटार आणली नव्हती. तो म्हणाला, मग उद्या घेऊन या, वाजवून बघितल्याशिवाय मी देत नाही. दुसऱ्या दिवशी पाळी संपल्यावर मी गिटार पाठीला लावून स्कूटरवरून गेलो. राकेशने मला स्टुलावर बसवलं आणि एकेक वस्तू हातात दिली. त्याने तीनच गोष्टी सांगितल्या. हेडफोन वायरचा घ्या, म्हणजे आवाज मागे राहणार नाही. कान पूर्ण झाकणारा आणि मागून बंद असलेला घ्या, म्हणजे खालचा आवाज तुमच्याकडे राहील आणि बाहेर जाणार नाही. आणि खोचायची डबी बेससाठी केलेली घ्या, जिच्यात मोबाईलवरचं गाणंही सोडता येतं, म्हणजे गाण्याबरोबर वाजवता येईल. मी विचारलं, एवढंच? तो म्हणाला, चार्जिंग करत जा.

मी तो हेडफोन चढवला, डबी खोचली आणि खालची तार छेडली. काय सांगू. मोठ्या अ‍ॅम्पमधून खोलीभर पसरायचा तो आवाज आता माझ्या दोन कानांच्या मध्ये, टाळूच्या खाली येऊन बसला होता. गोल, जाड, आणि शेवटपर्यंत ऐकू येणारा. मी दहा मिनिटं वाजवलं. डोळे मिटले होते. उघडले तर दुकानात आलेली दोन गिऱ्हाईकं भिंतीला लागून उभी होती आणि राकेश त्यांना हाताने काहीतरी समजावत होता. मला वाटलं, वाजवणं आवडलं असावं.

या दोघांनी काय पाहिलं असेल, हे मला चार दिवसांनी कळलं. चार दिवस मी साडेतीनला घरी येऊन, हॉलमध्ये खुर्चीवर बसून, पाच वाजेपर्यंत मनापासून रियाज केला. घर शांत होतं. वाट्या जागच्या जागी होत्या. चौथ्या दिवशी रोहिणी पाचला उठली, चहा ठेवला आणि माझ्यासमोर मोबाईल धरला. तिने बेडरूमच्या दारातून माझा व्हिडिओ घेतला होता. त्यात गिटारचा आवाज अजिबात नव्हता. एक टक्कल पडलेला माणूस डोळे मिटून, मान हलवत, मोठ्याने ढुम ढुम ढुडुम ढुम असं म्हणत होता. मधूनच तो कण्हत होता. उजवा पाय जमिनीवर आपटत होता आणि प्रत्येक आपटीला टीपॉयवरची पाण्याची बाटली उडत होती. कान बंद असल्यामुळे त्याला यातलं काही माहीत नव्हतं.

"चारही दिवस?" मी विचारलं.

"पहिल्या दिवशी मला वाटलं तुमच्या छातीत दुखतंय," रोहिणी म्हणाली. "उठून नाडी बघणार होते. मग म्हटलं, तालात कण्हतोय म्हणजे बरा आहे."

तिने तो व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता. साक्षीने पुण्याहून विचारलं होतं की बाबांना काय चावलं. त्यानंतर मी पायाखाली घडी घातलेली गोधडी ठेवू लागलो आणि दातांत रुमाल धरू लागलो. आप्पा एकदा कसलीशी वर्गणी मागायला आले तेव्हा मी तसाच दार उघडायला गेलो. त्यांनी काही विचारलं नाही. नंतर रोहिणीला मात्र जिन्यात विचारलं, सगळं ठीक ना.

आता वस्तू खिशात मावणारी असल्यामुळे मी ती कामावरही नेऊ लागलो. गिटार पंपहाऊसच्या केबिनमध्ये कोपऱ्यात उभी करायची आणि जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास वाजवायचं. तिथे मला एक शोध लागला. मोटारी चालू असताना जो घुमणारा आवाज येतो, तो माझ्या सगळ्यात बारीक तारेच्या स्वराशी जवळजवळ जुळतो. आपण आयुष्यभर ज्या आवाजात बसलो तो एक स्वर आहे, या विचाराने मी हेलावून गेलो. मोबाईलमध्ये तारा जुळवायचं अ‍ॅप होतं, ते बंद केलं. एक कान उघडा ठेवून मोटारीवरून पहिली तार जुळवली आणि तिच्यावरून बाकीच्या तीन. मग हेडफोन लावून एकटाच वाजवत बसलो. सुरेख लागलं.

त्या रविवारी छायाताईंकडे उपनगरला पहिली तालीम होती. मी तशीच जुळवलेली गिटार घेऊन गेलो. छायाताई दोन ओळी गायल्या आणि थांबल्या. घसा साफ केला, परत गायल्या, परत थांबल्या. म्हणाल्या, आज गळा उतरलाय. कोणीतरी कोमट पाणी आणलं. मग कीबोर्डवाल्याने आपलं मशीन उलटसुलट करून पाहिलं. कोरसच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. वीस मिनिटं असं चाललं आणि या वीस मिनिटांत मी समजूतदार चेहरा करून बसलो होतो. वयाने असं होतं, एवढंही मी एकाला हळूच म्हणालो. शेवटी कीबोर्डवाल्याने एकेकाला वेगळं वाजवायला सांगितलं आणि तो माझ्यापाशी येऊन थांबला. मी सगळ्या पार्टीच्या वर चढलेला होतो. फार नाही, थोडाच. पण तेवढं पुरेसं होतं. मोटारीचा शोध मी कोणाला सांगितला नाही. तारा नव्या आहेत, उतरतात-चढतात, असं काहीतरी पुटपुटलो.

निघताना छायाताईंनी मला जुनं रेकॉर्डिंग मोबाईलवर पाठवलं. दोन हजार एक सालचा लासलगावचा कार्यक्रम, मिक्सरमधून थेट कॅसेटवर उतरवलेला. गाणी तीच आहेत, याच्याबरोबर वाजव, म्हणजे हाताला आठवेल, असं म्हणाल्या. त्यात बेस माझाच होता. मी तो कार्यक्रम तेव्हा वाजवला होता, पण कधी ऐकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला घरी येऊन मी हेडफोन लावला आणि गिटार न उचलता नुसतं ऐकायला बसलो. चोवीस वर्षांचा मनोज शेजवळ ऐकायचा होता. पहिलं गाणं बरं गेलं. अंतऱ्याच्या शेवटी काहीतरी खटकलं, ते मी कॅसेटवर ढकललं. दुसऱ्या अंतऱ्याला परत तेच. तेव्हा मागे घेऊन ऐकलं. मग अजून एकदा. बेस पळत होता. छायाताईंचा आवाज वर चढायला लागला की मी उत्साहात दोन पावलं पुढे जात होतो, आणि ओळ संपेपर्यंत गाण्यापासून सुटून एकटाच समेवर येऊन उभा राहत होतो. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, लहानूकाकांची ढोलकी एक छोटासा तुकडा टाकून मला गाठत होती. समोरच्या माणसाला तो तुकडा म्हणजे ढोलकीची करामत वाटली असणार. कॅसेटवर टाळ्याही ऐकू येत होत्या. मलाही तेव्हा ती करामतच वाटली होती, आणि काका जरा जास्तच करतात असं मी एकदा कोणाला तरी म्हटल्याचंही आता आठवलं.

मी चाळीस मिनिटांचं ते रेकॉर्डिंग दोनदा ऐकलं. अकरा गाण्यांत असं एकही नव्हतं ज्यात मी पळालो नव्हतो. दोन ठिकाणी स्वरही चुकीचा होता, आणि तो मी छाती काढून वाजवत होतो. त्या दिवसांत माझ्या मागे एवढा मोठा स्पीकर असायचा, त्यातून मला धडधड तेवढी जाणवायची, त्यात काय आहे ते कधी कळलं नाही. आता कळलं. रोहिणी उठून आली तेव्हा मी हेडफोन गळ्यात टाकून बसलो होतो. तिला सगळं सांगितलं. लय माझ्या हातात असायची, हे तिनेही लग्नापासून ऐकलेलं. ती म्हणाली की लहानूकाका आहेत अजून, जाऊन भेटून या.

पुढच्या रविवारी मी सकाळच्या गाडीने नांदगावला गेलो. गिटार, डबी आणि हेडफोन घेतला. कशासाठी घेतला ते मलाही नीट माहीत नव्हतं. लहानूकाकांचं घर स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. धोंडाबाई काकूंनी दार उघडलं आणि मला ओळखायला थोडा वेळ घेतला. केस होते तेव्हा पाहिलेलं. काका ओसरीत पलंगावर बसले होते. पंचाहत्तरीचे झाले असतील. दोन वर्षांपूर्वी आजारपण झालं तेव्हापासून उजवा हात उघडत नव्हता आणि ऐकूही कमी येत होतं. ढोलकी त्यांनी भाच्याला देऊन टाकली होती. मी मोठ्याने बोलत होतो, ते मान हलवत होते, आणि निम्मं त्यांना कळत नव्हतं हे मला दिसत होतं.

मग मी हेडफोन काढला. त्यांची टोपी बाजूला ठेवली, तो त्यांच्या कानांवर नीट बसवला आणि लासलगावचं रेकॉर्डिंग लावलं. आवाज थोडा वाढवला. काकांनी आधी हेडफोनला हात लावून पाहिला. मग हात तसाच राहिला. मग डावा हात खाली येऊन पलंगाच्या लाकडावर बोटं पडायला लागली.

"हे मी हाय," ते मोठ्याने म्हणाले. कान बंद असल्याने गल्लीभर ऐकू गेलं असेल. आतून काकूंनी काय झालं म्हणून विचारलं.

पूर्ण चाळीस मिनिटं ते ऐकत बसले. मला काहीच ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा चेहरा दिसत होता. पण बोटांवरून मला गाणं कुठे आहे ते कळत होतं. अंतऱ्याचा शेवट जवळ आला की त्यांच्या ओठाचा डावा कोपरा जरा वर जायचा, बोटं दोनदा घाईने पडायची आणि परत सावकाश व्हायची. मी मनात मोजत होतो. एक हसू म्हणजे माझी एक चूक. पंचवीसनंतर मोजणं सोडलं.

रेकॉर्डिंग संपल्यावर मी हेडफोन उतरवला आणि त्यांच्या कानाजवळ जाऊन विचारलं, "काका, मी पळायचो?"

"लय."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

त्यांनी टोपी शोधली, घातली. "काय बोलायचं. पोरगं मन लावून वाजवतंय. बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी आला नसता तू. तुझा सोभाव मला म्हाईत व्हता." मग म्हणाले, "अन् मलाबी बरं व्हतं. नुसता सरळ ठेका धरून चार तास काढायचे म्हंजे झोप येती. तू असला की जागं राहावं लागायचं."

काकूंनी पोहे आणले, ते खाल्ले. मग काका गिटारकडे बोट दाखवून म्हणाले, वाजव. मी डबी खोचली. हेडफोन एकच होता, तो त्यांच्या कानावर चढवला आणि मी काहीही न ऐकता, नुसत्या बोटांच्या अंदाजाने वाजवलं. पहिल्याच अंतऱ्याला त्यांनी माझ्या गुडघ्यावर डाव्या हाताचा अंगठा दाबला. जोरात. ढोलकीवाल्याचा अंगठा होता तो. मी थांबलो. ते म्हणाले, थांबू नको, हळू हो.

परत आल्यावर मी राकेशकडे गेलो आणि एकाच्या दोन करणारी पिन मागितली, आणि त्याच जातीचा अजून एक हेडफोन. त्याने कशाला ते विचारलं नाही. पहिल्यांदाच मी काही भाषण न करता वस्तू मागितली होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये मी सहा रविवार नांदगावला गेलो. दोघांच्या कानांवर हेडफोन, दोघांच्या वायरी एका डबीत, मध्ये मी वाजवतोय आणि काका पलंगावर ठेका धरतायत. मोबाईलवर छायाताईंच्या तालमीचं रेकॉर्डिंग. मी पळालो की अंगठा. तिसऱ्या रविवारी धोंडाबाई काकूंची शेजारीण डोकावली. दोन माणसं कानाला डबे लावून, आवाज नाही काही नाही, समोरासमोर बसून माना हलवतायत, आणि त्यातल्या एकाच्या दातांत रुमाल. तिने काकूंना विचारलं, हे काय चाललंय. काकू म्हणाल्या, "काय म्हाईत बाई. पण आठ दिवस वाट बघतेत रविवारची." मला हे नंतर काकूंनीच सांगितलं, काका आत हात धुवायला गेले असताना.

अंगठा कमी होत गेला. बंद झाला नाही. शेवटच्या रविवारी पूर्ण तालमीत चार वेळा पडला. काका म्हणाले, चार चालतेत. दुसरा हेडफोन मी त्यांच्याकडेच ठेवला, आणि काकूंच्या मोबाईलवर जुनी रेकॉर्डिंगं भरून दिली. आता ते दुपारी ऐकत बसतात आणि मोठ्याने चहा मागतात.

एप्रिलचा पहिला कार्यक्रम सातपूरला होता, संध्याकाळी सहाला. नवा ढोलकीवाला माझ्या जुन्या ओळखीचा नव्हता; तो आपलं वाजवत होता, मला गाठायला येणार नव्हता हे मला माहीत होतं. स्टेजवर मागे पूर्वीसारखाच मोठा स्पीकर, धडधड पूर्वीसारखीच. मी गुडघ्याकडे लक्ष ठेवून वाजवलं. पाय आपटू नये म्हणून बूट घट्ट बांधले होते. रुमाल दातांत धरता येत नव्हता, त्यामुळे तोंडाने ढुम ढुम चाललं होतं, पण कोरसच्या माइकपासून मी लांब होतो. तिसऱ्या गाण्यात एकदा स्वर चुकला. सातव्या गाण्यात पळालो, मग आठवलं, मग हळू झालो. समोरच्या लोकांना यातलं काही कळलं नाही. पुढच्या रांगेतली एक आजी मात्र शेवटपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत होती.

कार्यक्रम संपल्यावर मंडळाने मंडपामागे वडापाव ठेवले होते. मी गिटार पिशवीत घालून छायाताईंच्या बाजूला जाऊन बसलो आणि काही विचारलं नाही. विचारायचं फार होतं. छायाताईंनी घोटभर पाणी घेतलं आणि आपणहूनच म्हणाल्या, "आज मला मागे वळून बघावं लागलं नाही, मनोज."

मी पिशवीची चेन ओढली. मग विचारलं, "ताई, म्हणजे तेव्हा बघावं लागायचं?"

त्यांनी माझ्या हातात वडापाव दिला आणि म्हणाल्या, "खा. गार होतोय."